माटोळीतलं कणीस

चवथीच्या आदल्या रात्री आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधत होतो. नारळ-सुपारीचे घड वर चढले होते. तोरिंजनं, आंबाडे, कांगलं, माट्टीची फळं, घागऱ्या, लालभडक कवंडाळं सुपात मांडून ठेवली होती. काकीने मक्याची चार कणसं पुढे केली, पाला मागे वळवून जोडीजोडीने बांधलेली. पणजीहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, मका नको. तो परदेशी. आणि हल्ली सगळा मका जीएमच असतो." जीएम म्हणजे काय ते काकीला ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "परदेशी खंयचें? आमचें गांवठी बीं तें." आणि शिडीवर उभ्या असलेल्या माझ्या हातात तिने कणसं दिली.

कणसं बांधली गेली, पण ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. पुतण्याचं दुसरं विधान तर सरळसरळ चुकीचं होतं. भारतात जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर पेल्यातून मिळणारा गोड मकासुद्धा जीएम नव्हे. तो जुन्या नैसर्गिक बदलातून निवडलेला आणि पुढे संकरित केलेला मका आहे. पहिलं विधान मात्र खरं होतं. मका परदेशीच. आणि तरीही काकीचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या देवळातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे मका आधीपासून इथलाच, असा दावा काहीजण करतात. बहुतेक अभ्यासकांनी तो मानलेला नाही. आणि मक्याला आपलं म्हणण्यासाठी त्या दाव्याची मला गरजही वाटत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'गावठी' या शब्दाला भाव आहे. गावठी वांगी, गावठी भेंडी, गावठी मिरची. आणि शेजारीच घाटावरून ट्रकने उतरलेली बेळगावची भाजी, निम्म्या दरात. पण ती गावठी मिरची मूळची कुठली? अमेरिका खंडातली. काजू ब्राझीलचा. अननस, पेरू, पपई, बटाटा, टोमॅटो ही सगळी समुद्रापलीकडची मंडळी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्या काही शतकांत त्यांच्या गलबतांतून आणि त्यांनी जोडलेल्या व्यापारातून ही पिकं या किनाऱ्यावर रुजली. आज काणकोणातल्या खोल गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, हरमलच्या मिरचीला आहे. काजूच्या फेणीला तर ते २००९ मध्येच मिळालं. परदेशी झाडाच्या बोंडूंपासून काढलेली दारू आज गोव्याची ओळख म्हणून कायद्याने नोंदली गेली आहे.

मग मिरची गावठी झाली ती कशाने? माझ्या मते, बी घरात राहिलं म्हणून. खोलच्या डोंगरउतारावर बायका दरवर्षी पावसाच्या तोंडाला मिरची लावतात, आणि पुढच्या वर्षीचं बी याच वर्षीच्या मिरच्यांतून निवडून ठेवतात. कोणती मिरची बियाण्याला ठेवायची हे त्यांचे हात ठरवतात. आमच्याकडे तवशाचं, म्हणजे काकडीचं, बी शेणात कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापलेलं असायचं. मक्याची कणसं चुलीवरच्या वाशाला टांगलेली असत. धुराने काळवंडत, पण किडीपासून वाचत. भाताचं बी पेंढ्याच्या मुडीत. कोणी मागितलं तर मूठभर द्यायचं, आणि पुढच्या वर्षी आपलं गेलं तर त्याच घरून परत आणायचं. अशा चारशे पावसाळ्यांनंतर परकं पीक गावठी होतं. या मातीतली, या दमट हवेतली, या जिभेला रुचणारी झाडं पिढ्यानपिढ्या निवडली जातात, आणि निवडणाऱ्याला त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

जीएमच्या वादात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा धागा. आपण मात्र सगळा वेळ 'नैसर्गिक की अनैसर्गिक' आणि 'देशी की विदेशी' यावर भांडण्यात घालवतो.

नैसर्गिक म्हणाल तर मक्याइतकं माणसाने घडवलेलं दुसरं धान्य सापडणं कठीण. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिओसिंते नावाच्या रानगवतापासून लोकांनी तो घडवला. त्या गवताच्या बोटभर कणसात टणक कवचाचे पाच-दहा दाणे असतात, आणि पिकले की ते आपोआप गळून पडतात. मक्याचं कणीस पाहा. ते पाल्यात घट्ट गुंडाळलेलं असतं. तसंच जमिनीवर पडलं तर शेकडो दाणे एकाच जागी उगवून एकमेकांना मारतात. माणसाने सोलून, दाणे सुटे करून पेरल्याशिवाय मका पुढच्या वर्षी नसतो. कणसातून बाहेर आलेला एकेक रेशमी केस एकेका दाण्याचा असतो. वाऱ्यावर आलेला तुऱ्याचा परागकण त्या केसाला चिकटला तरच तो दाणा भरतो. शेजारच्या शेतातला मका कोणता आहे, याचा तुमच्या कणसाशी असा थेट संबंध असतो.

ज्यांनी तो घडवला त्यांनी तो खायचा कसा हेही शोधून काढलं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात आणि त्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, करतात. चुन्यामुळे मक्यात बंद असलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. इटलीत, स्पेनमध्ये गरिबांच्या पोटात मका आणि मकाच जाऊ लागला आणि पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, शेवटी बुद्धी भ्रमायची. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लोक याला संसर्ग समजले, सडक्या मक्याचं विष समजले. अमेरिकेच्या दक्षिणेत १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा आहाराचा रोग आहे हे दाखवून दिलं, तेही बऱ्याच विरोधानंतर. नेमकं कारण, नायसिनची उणीव, १९३७ मध्ये कळलं. तोवर हजारो गरीब माणसं मेली होती, आणि मेक्सिकोतली कुठलीही आजी त्यांना घरगुती उपाय सांगू शकली असती.

आपल्याकडेही हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं की फक्त ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या मजुरांनाही पेलाग्रा होतो. पण गोव्याच्या माणसाला हे समजायला ज्वारीपर्यंत जायला नको. आपला उकडा तांदूळ घ्या. भात तुसासकट उकडून, वाळवून मग कांडायचा. उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं आणि कांडल्यावरही टिकतं. जावा बेटावर १८९० च्या दशकात आयकमन यांना पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, म्हणजे ब-१ च्या उणिवेने होणारा, रोग झालेला दिसला. किनाऱ्यावरचे आपले लोक मात्र पिढ्यानपिढ्या सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज पीत होते आणि त्या रोगापासून बऱ्याच अंशी वाचत होते. कारण सांगता आलं नसतं, रीत मात्र ठाऊक होती.

पीक नेलं आणि त्याच्यासोबतचं शहाणपण मागे राहिलं, तर केवढी किंमत मोजावी लागते ते पेलाग्राने दाखवलं. आता उलट पाहा. आजचं जीएम बियाणं येतं ते कागदपत्रांसकट येतं, पेटंटसकट येतं. पण ज्याच्या ताटात जायचं त्याला ते कळवण्याची सोय मात्र सोबत येत नाही.

मी विज्ञानाच्या विरोधात लिहीत नाही. जीएम अन्नाने गाठी झालेल्या उंदरांची छायाचित्रं अजून व्हॉट्सॲपवर फिरतात. तो फ्रान्समधला निबंध २०१२ चा. ज्या नियतकालिकाने छापला त्यानेच पुढच्या वर्षी मागे घेतला. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ च्या अहवालात म्हटलं की बाजारातल्या जीएम पिकांपासून केलेलं अन्न इतर अन्नापेक्षा आरोग्याला अधिक घातक असल्याचा पुरावा सापडलेला नाही. बीटी म्हणजे मातीतल्याच एका जिवाणूचं, अळीला मारणारं जनुक, आणि त्या जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीतही चालते. जीएम बी वांझ असतं, ही समजूतही खोटी. खोट्या गोष्टींवर उभा राहिलेला विरोध पहिल्या खऱ्या प्रश्नाला कोसळतो, आणि मग खरे आक्षेपही कोणी ऐकत नाही.

जीएमची चांगली उदाहरणंही आहेत. हवाईत विषाणूच्या रोगाने पपईच्या बागा बसत चालल्या होत्या, तेव्हा सार्वजनिक पैशावर विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारी जीएम पपई तयार केली आणि १९९८ मध्ये तिचं बी बागायतदारांना फुकट वाटलं. बांगलादेशने २०१३ मध्ये बीटी वांग्याला मंजुरी दिली. तिथे ते सरकारी संशोधन संस्थेचं, सरळ वाणाचं आहे, त्यामुळे शेतकरी बी ठेवू शकतो आणि शेंडे व फळं पोखरणाऱ्या अळीवरच्या फवारण्याही कमी झाल्या. तंत्र तेच. पण बी कोणाच्या हातात आहे हे बदललं की सगळा व्यवहार बदलतो.

आपल्याकडे २००२ मध्ये आलेल्या बीटी कापसाचा व्यवहार वेगळा होता. आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तो आहे, बहुतेक सगळा संकरित, म्हणजे दरवर्षी पाकीट विकत. सुरुवातीला फवारण्या घटल्या, हे खरं आहे. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७ मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली, आणि त्याच हंगामात यवतमाळात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी मेले. तोवर जुन्या देशी सरकीचं बी कितीजणांच्या घरात उरलं होतं? परत फिरायला वाटच नव्हती.

गोव्यात कापूस नाही, म्हणून हे आपलं नाही असं वाटू शकतं. पण सरकीचं तेल वनस्पती तुपात आणि फरसाणात जातं, पेंड गुरांना जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे मी त्याची भीती घालत नाही. मला राग येतो तो न सांगण्याचा. १ जानेवारी २०१३ पासून असा नियम आहे की जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' ही अक्षरं असली पाहिजेत. दुकानात उभं राहून पाकीट उलटंपालटं करायची मला सवय आहे. आजवर एकाही पाकिटावर ती अक्षरं माझ्या नजरेला पडलेली नाहीत. उपवासाला काय चालतं, माटोळीला काय चालतं, शुक्रवारी मासे खायचे की नाहीत, इतकं बारीक पाहणाऱ्या समाजाला आपल्या तेलात काय आहे हे विचारण्याचा हक्क नसावा?

आता मका पुन्हा दारात उभा आहे. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक मका जीएम आहे. इथे पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी मका जाऊ लागला आणि कोंबड्यांच्या खाद्याला तो महाग पडू लागला. २०२५ च्या व्यापार वाटाघाटीत अमेरिकेने आपला मका भारताने घ्यावा असा आग्रह धरला. नीती आयोगाच्या एका कार्यपत्रिकेत फक्त इथेनॉलपुरता जीएम मका आयात करावा असं सुचवलं गेलं, पुढे ती कार्यपत्रिका मागे घेतली गेली. पण ही सूचना पुन्हा येणार, आणि ती अशीच गोड असणार: माणसांसाठी नाही, फक्त कारखान्यासाठी, फक्त जनावरांसाठी.

हे 'फक्त' टिकत नाही. २००० मध्ये अमेरिकेत स्टारलिंक नावाचा, केवळ जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर झालेला जीएम मका माणसांच्या खाण्याच्या टाकोत सापडला आणि दुकानांतून माल परत घ्यावा लागला. मेक्सिकोने १९९८ पासून जीएम मक्याची लागवड थांबवली होती, तरी २००१ मध्ये वाहाकाच्या डोंगरातल्या गावठी मक्यात जीएमच्या खुणा सापडल्याचा निबंध आला. त्याच्या पद्धतीवर मोठं वादळ उठलं, पण पुढच्या चौकशीत संशय गेला तो खाण्यासाठी आयात केलेल्या दाण्यांवर. शेतकऱ्याने दुकानातून आणलेले चार दाणे परसात टाकून पाहिले, इतकी साधी गोष्ट. काकीही तेच करते. आणि बंदरातून निघालेला माल वाटेत किती सांडतो ते मुरगाव-वास्कोच्या लोकांना कोणी शिकवायला नको; कोळशाची भुकटी त्यांच्या खिडक्यांवर रोज साचते. भुकटी निदान उगवत तरी नाही. मका उगवतो, आणि वाऱ्यावर पराग सोडतो.

मेक्सिकोने २०२५ मध्ये राज्यघटनाच बदलली. मका हा राष्ट्रीय ओळखीचा भाग आहे असं तिच्यात लिहिलं आणि जीएम मक्याची लागवड बंद केली. तोर्तियात जीएम मका नको हा त्यांचा २०२३ चा हुकूम व्यापार लवादात टिकला नव्हता. पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं लवादाने म्हटलं. पण ज्यांच्या पुराणकथेत देवांनी माणूस मक्याच्या पिठातून घडवला, त्यांना आपलं बी हा केवळ बाजाराचा प्रश्न वाटत नाही, आणि त्यात मला मागासपणा दिसत नाही.

आपल्यासाठी मक्याच्या जागी काय आहे? वांगं आहे आणि भात आहे. वांगं भारताचं. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला आणि ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. त्याआधी सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं. त्या वेळची एक गोष्ट मला फार टोचते. आपल्याच किनाऱ्यावर खाली उडुपीला मट्टु गावचं हिरवं गोल वांगं आहे, गुळ्ळ. बीटी जनुक घालण्यासाठी कर्नाटकातली जी स्थानिक वाणं घेतली गेली त्यांत उडुपीचं गुळ्ळ होतं, आणि ती घेताना जैवविविधता कायद्याप्रमाणे लागणारी मंजुरी घेतली नाही असा ठपका राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने ठेवला. प्रकरण कोर्टात गेलं. उद्या आगशीच्या वांग्याचं असं झालं तर आगशीच्या बागायतदाराला कोण विचारणार?

आणि भात. खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजन शेतात, बांध फुटून खारं पाणी शिरलं तरी तग धरणारा कोरगुट आपल्या पूर्वजांनी निवडला. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने त्याच कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' वाणं दिली. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित, म्हणजे भाताच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यांतल्या एकाचा गुण दुष्काळ आणि खारेपणा सोसण्याचा. यात बाहेरचं जनुक नाही, म्हणून २०२२ पासून अशा वाणांना जीएमच्या कडक चाचणीतून सूट आहे. ते वाण चांगलंही असेल. पण जो गुण प्रयोगशाळेत घडवला जातोय तो आमच्या शेतात आधीच उभा आहे, आणि बांध आणि मानस, म्हणजे पाणी अडवायची दारं, दुरुस्त करायला पैसे नसल्यामुळे ते शेत मात्र पडीक होत चाललं आहे. कोरगुट पेरायला माणूस आणि बांध लागतो. तेवढा खर्च सरकारने आधी करावा, मग नव्या वाणाचं बोलू.

पीक वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. इतका स्पष्ट हक्क फार थोड्या देशांत आहे. जीएम असो की नसो, या हक्काला धक्का लावणारं कोणतंही बी गोव्यात नको, हे माझं म्हणणं आहे. पाकिटावर अक्षरं हवीत, आयात 'फक्त कारखान्यासाठी'च्या नावाखाली नको, आणि खोल, हरमल, आगशी, खाजन इथलं बी कोणाकडे आहे याची नोंद हवी. तिसरी गोष्ट करायला दिल्लीकडे पाहावं लागत नाही. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी असं कायदाच सांगतो.

चवथीनंतर मी आमच्या पंचायतीची नोंदवही मागून वाचली. झाडांची नावं आहेत, पक्ष्यांची आहेत, देवराई आहे. बियाण्यांच्या पानावर भाताच्या तीन ओळी आहेत. मका नाही, तवसं नाही, मिरची नाही, आणि ते राखणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. येत्या ग्रामसभेला मी अर्ज देतो आहे. माटोळी उतरवल्यावर काकीने त्या चारांतलं एक कणीस पुन्हा चुलीवरच्या वाशाला अडकवलं. त्याचं बी कधीपासूनचं, हे तिला विचारून मी अर्जात लिहिलंय: सासूच्या सासूपासून.